कोळशाची चुरी

जायचंच असेल तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोचा. 4 डिसेंबर 1952. शुक्रवारी उजाडल्यावर लंडनमध्ये पाऊल ठेवलंत तर पत्ता शोधण्यातच दिवस जाईल, आणि तोवर तुमचा रुमाल काळा झालेला असेल. कोट जाड लोकरीचा घ्या, पांढरा शर्ट घरीच राहू द्या. चहाची चिंता नको, तो दोन महिन्यांपूर्वी रेशनमधून सुटलाय. साखर मात्र अजून कार्डावर आहे, तेव्हा जिथे उतराल तिथल्या मालकीणबाईंकडे दुसरा चमचा मागू नका.

हवा मोजायची ती छोटी डबी, जी हल्ली दिल्लीला जाताना लोक पर्समध्ये टाकतात, तीही नेऊ नका. कणांवरून प्रकाश किती विखुरतो त्यावर ती आकडा काढते, आणि धुक्याचा थेंब कुठला नि धुराचा कण कुठला हे तिला कळत नाही. लंडनवर शुक्रवारपासून पाच दिवस बसणाऱ्या धुराच्या धुक्यात ती 999 दाखवून गप्प बसेल. त्यापेक्षा 1952 सालची माणसं करतात तेच बरं: पांढऱ्या गाळणकागदातून दिवसभर हवा ओढायची आणि कागदावरचा डाग किती काळा झाला ते पाहायचं.

तुमचा मुक्काम पूर्व लंडनात, पॉप्लर भागात. गोदीकामगारांची वस्ती. युद्धातल्या बाँबनी पाडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा अजून दात पडल्यासारख्या दिसतात. उरलेली घरं एकमेकांना चिकटून ओळीने उभी, आणि प्रत्येक घराच्या छपरावर धुराडी. एक नव्हे, चार-चार, कारण प्रत्येक खोलीला स्वतंत्र शेगडी असते. तुम्ही आलात तेव्हा त्यांतल्या जवळजवळ सगळ्या चालू आहेत. आठवडाभर कडाक्याची थंडी आहे.

मालकीणबाई तुम्हाला खालच्या खोलीत शेगडीपाशी बसवतील. बसा, आणि गप्पा मारता मारता जाळाकडे नीट लक्ष द्या, कारण पुढच्या पाच दिवसांचं सगळं गणित त्या हातभर रुंदीच्या लोखंडी जाळीत आहे.

त्यांनी आत्ताच फावडीभर ताजा कोळसा टाकलाय. खालचे निखारे लाल आहेत, वरची ढेकळं थंड आणि काळी. लगेच ज्वाळा येत नाही. आधी ढेकळांमधून दाट, पिवळट तपकिरी धूर निघतो, जडपणे उलटत-सुलटत धुराड्यात शिरतो, थोडा खोलीतही येतो. दगडी कोळसा तापला की पेटण्याआधी त्यातलं डांबर वाफ होऊन सुटतं. ते जळायला भरपूर उष्णता लागते, भरपूर हवा लागते, आणि उघड्या शेगडीत दोन्ही अपुरं. मग ती वाफ धुराड्यात थंड होते आणि तिचे बारीक थेंब नि काजळीचे कण होतात. मायक्रॉनच्या आतले. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. अर्ध्या तासाने पाहाल तर सगळी जाळी लालबुंद, आणि धूर जवळजवळ नाही. म्हणजे धूर झाला तो जळलेल्या कोळशाचा नव्हे, न जळलेल्या कोळशाचा. मालकीणबाईंनी पैसे मोजून घेतलेल्या इंधनाचा एक भाग खोली गरम न करताच वर गेला.

आता शेजारच्या बादलीत डोकावा. ढेकळं थोडी, भुकटी फार. याला इथे ‘नटी स्लॅक’ म्हणतात. युद्धाच्या कर्जात बुडालेला हा देश आपला चांगला कोळसा परदेशी विकतोय. घरच्या माणसांना कोळसा रेशनवर. पण ही सुपारीएवढ्या खड्यांची नि भुकटीची चुरी सरकारने 1 डिसेंबरपासून, म्हणजे याच सोमवारी, रेशनमुक्त केली आहे. हवी तेवढी घ्या. मालकीणबाईंनी घेतली आहे. स्वस्त आहे, आणि रात्री फार कामाची. निजायच्या आधी त्या ही ओलसर चुरी निखाऱ्यांवर थापतील. आपल्याकडे चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवत, सकाळी काडी ओढायला लागू नये म्हणून, तसंच. फरक इतकाच, की राख धूर करत नाही. ही चुरी रात्रभर धुमसते. लंडनमध्ये आज रात्री अशा लाखो शेगड्या धुमसताहेत.

धूर वर जाऊन पांगतो, रोज पांगतो. आज पांगणार नाही. ब्रिटनवर जास्त दाबाची हवा येऊन बसली आहे. अशा वेळी वरची हवा खाली उतरता उतरता तापते आणि जमिनीलगतची हवा रात्रीच्या गारठ्याने आणखी थंड होते. खाली थंड, वर उबदार. शे-दोनशे मीटरवर झाकण पडतं. वारा नाही. थेम्सचं खोरं दमट. गुरुवारी रात्री तुम्ही पांघरुणात शिराल तेव्हा हे झाकण लागलेलं असेल.

शुक्रवारी सकाळी खिडकीबाहेर धुकं आहे, पण त्याचा रंग पाहा. आपल्या मनातलं लंडनचं धुकं पांढरं, मऊ असतं. हे पिवळं आहे, दुपारपर्यंत तपकिरी होतं, आणि त्याला वास आहे: कुजक्या अंड्यांचा नव्हे, काडेपेटीच्या गुलाचा. तो गंधकाचा. जिभेवर धातूसारखी चव येते. गंमत म्हणजे कुणी घाबरलेलं नाही. लंडनकरांना दाट धुक्याची सवय आहे, थोडा अभिमानही. मालकीणबाई खिडकी घट्ट लावतात आणि थंडी वाढली म्हणून शेगडीत आणखी एक फावडी टाकतात.

शनिवारी बाहेर पडायचा प्रयत्न करा, पण भिंतीला हात लावून. बसचा कंडक्टर हातात पेटता पलिता घेऊन पुढे चालतोय आणि ड्रायव्हर त्या उजेडामागून बस सरकवतोय. ट्राम असती तर रुळांनी वाट दाखवली असती, पण लंडनची शेवटची ट्राम याच जुलैत बंद झाली आणि तिच्या जागी डिझेलच्या बस आल्या. जरा दक्षिणेला, आइल ऑफ डॉग्जमध्ये, लोकांना स्वतःचे पाय दिसत नाहीत. हे बोलण्यातलं नाही, शब्दशः. हीथ्रोवर आज सकाळपासून पुढचे जवळजवळ दोन दिवस दहा मीटरपलीकडचं दिसणार नाही.

जमिनीखालची रेल्वे मात्र चालू आहे. माइल एंडला डिस्ट्रिक्ट लाइन पकडा आणि अर्ल्स कोर्टला जा. वाटेत टेम्पल स्टेशन लागेल. तिथून वर चढून पाच-सात मिनिटांवर ऑल्डविचचं इंडिया हाउस. तिथे भारताचे उच्चायुक्त म्हणून सध्या बाळासाहेब खेर बसतात, मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री. पण आज इंडिया हाउस सापडलं तरी त्याची पाटी वाचता येणार नाही, तेव्हा उतरू नका.

अर्ल्स कोर्टला स्मिथफील्डचं जनावरांचं प्रदर्शन भरायचंय. देशभरातून बक्षिसाच्या लायकीचे बैल, गायी, मेंढ्या, डुकरं येऊन दाखल झाली आहेत. त्यांतली धिप्पाड ॲबर्डीन अँगस गुरं जीभ बाहेर काढून धापा टाकताहेत. काही शेतकऱ्यांनी गोणपाट व्हिस्कीत भिजवून त्यांच्या तोंडाला बांधलंय. आठवड्याअखेर डझनभर गुरं दगावतील किंवा मारावी लागतील. इथे थोडं थांबून गोठे बघा, कारण ही गोष्ट मला कुठल्याही आकड्यापेक्षा बोलकी वाटते. सगळ्यांत जास्त त्रास झाला तो सगळ्यांत लाडक्या गुरांना, ज्यांच्याखालचा पेंढा तासातासाला बदलला जात होता. मेंढ्या-डुकरांकडे कुणी एवढं पाहत नव्हतं, आणि ती तरली. पुढे तज्ज्ञांनी काढलेला तर्क असा, की घाणेरड्या पेंढ्यातल्या मुतातून निघणाऱ्या अमोनियाने हवेतलं आम्ल मारलं. म्हणजे धुक्याच्या प्रत्येक थेंबात नुसती काजळी नव्हती, गंधकाम्ल होतं. हवामान खात्याचा नंतरचा हिशेब सांगतो की त्या दिवसांत लंडनवर रोज सुमारे 1,000 टन धुराचे कण सुटत होते, आणि 370 टन सल्फर डायऑक्साइडचं गंधकाम्ल होत होतं.

आणि मेलेली गुरं वर्तमानपत्रात आली. माणसांबद्दल अजून कुणाच्या मनात काही नाही.

माघारी पॉप्लरला येताना डब्यातला कुणीतरी नदीकाठच्या वीजकेंद्रांना शिव्या देईल. बॅटरसीची पांढरी धुराडी सगळ्यांना माहीत आहेत, बोट दाखवायला सोपी आहेत. बॅटरसी निष्पाप नाही. तिथे धूर थेम्सच्या पाण्याने धुतात, त्यामुळे गंधक कमी होतं, पण वायू थंड होऊन वर चढायच्या ऐवजी खाली लोळतात. मात्र काजळीचं म्हणाल तर वीजकेंद्रात कोळसा पीठ करून प्रचंड उष्णतेत फुंकतात, डांबर तिथेच जळून जातं. दोन वर्षांनी सर ह्यू बीव्हर यांची समिती सांगेल की ब्रिटनमधल्या एकूण कोळशापैकी जेमतेम पाचवा हिस्सा घरांतल्या शेगड्यांत जळतो, आणि एकूण धुराचा जवळजवळ अर्धा त्यांतूनच येतो. तोही कमी उंचीवर, दोन मजली छपरांवरून, जिथे माणसं राहतात तिथेच.

हे समितीआधी कुणाला कळलं नव्हतं असं नाही, ते कुणाला म्हणायचं नव्हतं. 1661 मध्ये जॉन एव्हलिनने दुसऱ्या चार्ल्स राजापुढे लंडनच्या धुराचं गाऱ्हाणं मांडलं, आणि दोष दिला तो दारू गाळणाऱ्यांना, चुना भाजणाऱ्यांना. स्वयंपाकाच्या आगीला त्याने सोडून दिलं. 1926 च्या ब्रिटिश कायद्यानेही घरगुती शेगडीला हात लावला नाही. आमच्या मुंबईतही 1912 पासून धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा होता, पण तो भट्ट्यांसाठी, घरातल्या चुलीसाठी नव्हे. गिरणीचं धुराडं परक्याचं असतं. चूल आपली असते, आणि आपल्या चुलीच्या धुराला कुणी प्रदूषण म्हणत नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना आणि तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, तेव्हा पावाच्या चवीची चर्चा किती झाली ते आठवा.

रविवारी घराबाहेर पडू नका. दार उघडलं तर धुकं चालत घरात येतं. वरच्या मजल्यावर एक म्हातारे राहतात, गोदीत हमाली करून निवृत्त झालेले. दर हिवाळ्यात खोकतात, सगळ्या आळीला त्यांच्या खोकल्याची ओळख आहे. आज तो खोकला वेगळा आहे. खोकल्यांच्या मधली शांतता लांबत चालली आहे. ते उशा रचून बसून आहेत, आडवं होता येत नाही. ओठ निळसर. मालकीणबाई वर जातात, आणि माया म्हणून काय करतात? त्यांच्या शेगडीत स्वतःच्या बादलीतली चुरी टाकतात, म्हाताऱ्याला ऊब मिळावी म्हणून.

तुम्ही 21व्या शतकातून आला आहात. त्या शेगडीकडे पाहून तुमचा हात पुढे होईल. काय सांगाल? की दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण नाक अडवतं, पण अडीचच्या आतले थेट फुप्फुसांच्या टोकाच्या फुग्यांपर्यंत उतरतात? की तिथे आम्लाने नि काजळीने आलेली सूज आधीच अरुंद झालेल्या श्वासनळ्यांना पुरती बंद करते, आणि मग ताण हृदयावर येतो? सांगून झाल्यावर त्या विचारतील, मग विझवू का? बाहेर शून्याच्या आसपास. खोलीत दुसरं काही तापवायला नाही. याचं उत्तर तुमच्याकडे नसेल. माझ्याकडेही नाही.

रुग्णवाहिका बोलावतात, ती येत नाही. येऊच शकत नाही. डॉक्टर चालत येतात, सोमवारी पहाटे. तोवर म्हातारे गेलेले असतात. दाखल्यावर डॉक्टर लिहितात: ब्राँकायटिस. त्यात खोटं काही नाही. मालकीणबाई म्हणतात, वय झालं होतं, थंडीचं निमित्त झालं. तेही खोटं नाही. शेजारच्या गल्लीतही एक थंडीचं निमित्त झालंय, त्यापलीकडे न्यूमोनियाचं, चर्चमागे हृदयाचं. प्रत्येक घराला आपलं दुःख ठाऊक आहे. धूर कुठल्याच दाखल्यावर नाही.

त्याच सोमवारी रात्री सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात ‘ला त्राविआता’चा प्रयोग पहिल्या अंकानंतर थांबवतात. धुकं प्रेक्षागृहात शिरलंय, लोक खोकताहेत. क्षयाने मरणाऱ्या नायिकेचा ऑपेरा खोकल्याने बंद पडावा, हे कुणी कथेत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

आता तो गाळणकागद. गुरुवारी एक घनमीटर हवेत 0.49 मिलिग्रॅम धूर मोजला होता, आणि तोही काही थोडा नव्हता. रविवार-सोमवारचा आकडा 4.46. आपल्या हल्लीच्या भाषेत 4,460 मायक्रोग्रॅम. कागदाचा डाग इतका गडद झाला की पुढची काजळी त्यावर दिसणंच कठीण, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असावा, असं मला वाटतं.

मंगळवारी, 9 तारखेला, पश्चिमेकडून वारा येतो. दुपारी रस्त्याचं दुसरं टोक दिसतं. पडदे धुवायला निघतात, भिंतींवर तेलकट काळा थर. वरच्या म्हाताऱ्यांसाठी अंत्यविधीवाल्याकडे जाल तर तो म्हणेल, पेट्या संपल्यात, थांबावं लागेल. फुलवाल्याकडे फुलं नाहीत. लंडनमध्ये काहीतरी भयंकर घडून गेलंय याची पहिली खूण तुम्हाला इस्पितळात दिसत नाही, ती या दुकानांत दिसते.

दुसरी खूण निबंधकाच्या वहीत. 13 डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात बृहद् लंडनमध्ये 4,703 मृत्यू नोंदले गेले. आदल्या वर्षी याच आठवड्यात 1,852. ब्राँकायटिसचे मृत्यू आधीच्या आठवड्याच्या नऊ-दहा पट. कारकून बेरीज करतो तेव्हा पहिल्यांदा सगळी निमित्तं एका रांगेत उभी राहतात आणि त्यांच्यामागचं कारण एकच असल्याचं दिसतं. पाच दिवस त्या धुक्यात राहूनही तुम्हाला फार तर एक मृत्यू दिसला. वही उघडल्याशिवाय बाकीचे दिसणं शक्यच नव्हतं, तुम्हाला किंवा कुणालाही. हवेच्या बाबतीत डोळे आणि नाक फार उपयोगी पडत नाहीत, बेरीज उपयोगी पडते. त्या कारकुनाचा पुतळा लंडनमध्ये कुठेच नाही.

सरकारला ही बेरीज आवडली नाही. पुढच्या महिन्यांतले वाढीव मृत्यू इन्फ्लुएन्झाच्या खात्यावर टाकले गेले आणि आकडा 4,000 च्या आसपास ठरला. 2001 मध्ये मिशेल बेल आणि डेव्ह्रा डेव्हिस यांनी त्या हिवाळ्याचा हिशेब पुन्हा मांडला तेव्हा तो 12,000 च्या घरात गेला. गृहनिर्माणमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी सहकाऱ्यांना जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा: फार काही करता येणार नाही, पण एक समिती नेमू, म्हणजे कामात असल्यासारखे दिसू. आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटू नये. 1953 च्या हिवाळ्यात सरकारी आरोग्यसेवेने कापडी मुखपट्ट्याही वाटल्या. मायक्रॉनच्या आतल्या कणाला त्या कापडातून जायला काही अडचण नव्हती.

पण समितीचे अध्यक्ष निघाले बीव्हर, गिनेस या बिअर कंपनीचे प्रमुख, आणि त्यांनी कामात असल्यासारखं दिसण्याऐवजी खरंच काम केलं. जेरल्ड नबारो नावाच्या खासदाराने खाजगी विधेयक आणून सरकारवर दबाव ठेवला. 5 जुलै 1956 ला स्वच्छ हवा कायदा झाला, आणि त्याने पहिल्यांदा ब्रिटिश माणसाच्या दिवाणखान्यातल्या शेगडीत हात घातला. धूरमुक्त क्षेत्र जाहीर झालं की तिथे धूर करणारा कोळसा जाळणं गुन्हा. शेगडी बदलायच्या खर्चाचे दहातले सात हिस्से सार्वजनिक तिजोरीतून. गंधकाला मात्र या कायद्याने फारसं काही केलं नाही. उंच धुराडी बांधा, लांब जाईल, एवढंच.

म्हणून जमलं तर परतीच्या वाटेवर डिसेंबर 1962 मध्ये चार दिवस थांबा. तेच झाकण, तीच स्तब्ध हवा, तेच दाट धुकं. गंधकही जवळजवळ तेवढंच. धूर मात्र पूर्वीच्या मानाने बराच कमी, कारण अनेक भागांत कोळशाऐवजी कोक जळू लागलाय, म्हणजे डांबर आधीच काढून घेतलेला कोळसा. या वेळी जास्तीचे मृत्यू सुमारे 700. तेही थोडे नाहीत. पण दहा वर्षांपूर्वीच्या शेजारी हा आकडा ठेवला, की गंधक तेच असताना काजळी कमी केल्याने काय होतं, ते कुठल्याही प्रयोगशाळेला करता आला नसता असा प्रयोग तुमच्या डोळ्यांदेखत झालेला असतो. सूक्ष्म कणांवरच्या पुढच्या संशोधनाला या दोन डिसेंबरांचा फार आधार मिळाला.

मालकीणबाई कोकवर नाराज आहेत. लवकर पेटत नाही, ज्वाळा येत नाही, खोलीला शोभा नाही. आता शेगडी पेटवायला त्यांना गॅसची नळी घालून ठेवावी लागते, आणि तुम्ही मोकळेच बसला आहात असं दिसलं तर त्या ती तुमच्या हातात देतील.